मिस एम.ना काय द्यायचं?

पत्राचा गोषवारा: बॉस्टनजवळच्या एका गावातून एका आईचं पत्र आलं आहे. नवऱ्याची बदली झाली म्हणून ऑगस्टमध्ये हे कुटुंब पुण्याहून तिकडे गेलं. आईला स्वतःला सध्या तिथे नोकरी करता येत नाही. साडेपाच वर्षांचा मुलगा तिथल्या पब्लिक स्कूलमध्ये, म्हणजे सरकारी शाळेत, किंडरगार्टनला आहे. पहिला दीड महिना तो शाळेत एक शब्दही बोलला नाही. वर्गातल्या असिस्टंट बाईंनी शाळा सुटताना आईला गाठून ‘पाणी’, ‘शू’, ‘दुखतंय’, ‘आई येणार’ हे शब्द विचारून घेतले, एका कार्डावर रोमन लिपीत लिहिले आणि ते कार्ड गळ्यातल्या ओळखपत्रामागे अडकवलं. आता मुलगा घरी आजीशी इंग्रजीत भांडतो. डिसेंबर लागला आणि रूम पेरेंटचा (वर्गातल्या पालकांच्या वतीने अशी कामं बघणाऱ्या पालकाचा) ईमेल आला: वर्गशिक्षिकेला ख्रिसमसचं गिफ्ट कार्ड द्यायचंय, प्रत्येक घरामागे २५ डॉलर. वर्गात २१ मुलं. असिस्टंटचा उल्लेखही नाही. नवरा म्हणतो, पंचवीस दे आणि मोकळी हो. नाशिकहून आलेल्या सासूबाई म्हणतात, मी आणलेला चांदीचा कुंकवाचा करंडा त्या असिस्टंटला दे. या आईचे प्रश्न असे: ख्रिसमस आपला सण नाही, तरी द्यायचं का? कमी दिलं तर मुलाकडे दुर्लक्ष होईल का? असिस्टंटला टीचरइतकंच दिलं तर टीचरना राग येईल का? आणि शेवटी, ‘या उपकारांची परतफेड कशी करू?’

प्रिय मैत्रीण,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल होती. वर्गशिक्षिकेचं नाव तुम्ही पाच वेळा लिहिलंय, आडनावासकट. (या सदरात नावं छापत नाही, म्हणून ते गाळलंय.) तुमच्या लेकाला ज्यांनी बोलतं केलं त्यांचा उल्लेख मात्र ‘असिस्टंट’, ‘त्या मदतनीस बाई’ असा येतो, आणि एकदाच ‘मुलं त्यांना मिस एम. म्हणतात’ असं. एम. म्हणजे काय, ते तुम्हालाही माहीत नसावं.

यात तुमची चूक काढायची नाही मला. मॅसॅच्युसेट्समधल्याच एका शाळेत मी सात वर्षं हेच काम केलं. ‘पॅराप्रोफेशनल’ असं लांबलचक नाव, बोलताना नुसतं ‘पॅरा’. मुलं मला मिस के. म्हणायची. सात वर्षांत माझं पूर्ण नाव विचारणारे पालक एका हाताच्या बोटांवर मोजता येतील, आणि त्यात आपले मराठी पालक जास्त होते असंही नाही. वर्गाच्या दारावर शिक्षिकेचं नाव असतं, ईमेल तिच्याकडून येतो, पालकसभेला ती बसते. पॅरा त्या वेळी दुसऱ्या खोलीत कुणाचं तरी नाक पुसत असते. मग डिसेंबरात रूम पेरेंट यादी करायला बसते तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर दारावरचं नाव येतं. दुष्टपणा नसतो त्यात. दिसत नाही ते सुचत नाही, एवढंच.

नावाचं पुढे बघू. आधी ती भीती काढून टाकू, कारण बाकीचे सगळे प्रश्न तिच्याच पोटातले आहेत. कमी दिलं तर मुलाकडे दुर्लक्ष होईल का, हा प्रश्न आपण भारतातूनच सोबत आणतो. दिवाळीला क्लासच्या सरांकडे गेलेला सुक्या मेव्याचा डबा, बाईंच्या मुलीच्या लग्नातलं जाडजूड पाकीट, हे आपण पाहिलेलं असतं. त्याचा परिणाम होतो की नाही हे कुणी कधी तपासलं नाही, पण ‘असू दे, गेलेलं बरं’ अशी वृत्ती अंगात मुरते.

आता किंडरगार्टनची डिसेंबरातली मधली सुट्टी डोळ्यांसमोर आणा. बाहेर बर्फ. एकवीस मुलांना आधी स्नो पँट, मग बूट, मग जाकीट, मग टोपी, शेवटी मिटन्स (बोटं एकत्र राहणारे जाड हातमोजे), याच क्रमाने चढवायचे, कारण मिटन्स आधी घातले तर जाकिटाची चेन ओढता येत नाही आणि सगळं पहिल्यापासून. सगळी तयार झाली की एकाला शू लागते. त्या अर्ध्या तासात कुणाच्या आईने काय दिलं होतं हे आठवायला डोक्यात जागा नसते. मी शपथेवर सांगते, मला कधीच आठवलं नाही. आणि बहुतेक पिशव्या उघडल्या जातात सुट्टी लागल्यावर, घरी, सोफ्यावर पाय पसरून.

तरीही भीती उरली असेल तर ती घालवायला तुमच्या राज्याचा कायदाच आहे. गंमत म्हणजे तुमच्या रूम पेरेंटनाही तो माहीत नसावा. मॅसॅच्युसेट्समध्ये सरकारी कर्मचाऱ्यांच्या हितसंबंधांचा एक कायदा आहे, ‘जनरल लॉज’ या राज्याच्या कायदेसंहितेचं प्रकरण २६८ए. पब्लिक स्कूलची शिक्षिका ही त्या दृष्टीने सरकारी कर्मचारी, आणि तिच्या पदामुळे दिलेली ५० डॉलर किंवा त्याहून जास्त किमतीची भेट तिला घेता येत नाही. पन्नासच्या आतली भेटही काही वेळा लेखी कळवावी लागते. संपूर्ण वर्गाने मिळून द्यायची असेल तर थोडी सवलत आहे: शाळेच्या एका वर्षात एकूण १५० डॉलरपर्यंत. अट अशी की भेट ‘वर्गाकडून’ म्हणूनच द्यायची. कुणी दिले, कुणी किती दिले, हे शिक्षिकेला कळता कामा नये.

त्या कायद्यातला मला सगळ्यात आवडणारा भाग हाच. ज्या घराने पंचवीस दिले, ज्याने पाच दिले आणि ज्याने काहीच दिलं नाही, त्या सगळ्यांची मुलं कार्डावर सारखीच. नवऱ्याची नोकरी जाऊन दोन महिने झालेली आई रूम पेरेंटच्या ईमेलला उत्तर न देता मान खाली घालून पिक-अपच्या रांगेत उभी राहते. ही रांग मी आतून पाहिली आहे. तिला हा नियम सांगायला हवा.

आता हिशेब करा. एकवीस गुणिले पंचवीस, पाचशे पंचवीस. मर्यादेच्या साडेतीनपट. दीडशेला एकवीसने भागलं तर प्रत्येकाच्या वाट्याला सात डॉलर आणि थोडी चिल्लर येते, तीही जूनमधल्या निरोपाला काही न ठेवता. म्हणजे तुमच्या नवऱ्याचा ‘पंचवीस दे आणि मोकळी हो’ हा सल्ला पाळलात तर त्या बिचाऱ्या शिक्षिका अडचणीत येतील. रूम पेरेंटची चूक चारचौघांत न काढता त्यांना वेगळा ईमेल करा. भाषा साधी ठेवा: ‘वर्गाच्या भेटीला राज्यात १५० ची मर्यादा आहे असं माझ्या वाचनात आलं, ऑफिसात एकदा विचारूया का? पैसे जास्त जमले असतील तर काही भाग वर्गासाठी पुस्तकं, टिश्यू, ग्लू स्टिक यांना वापरता येईल. आणि मिस एम.नाही सामील करून घेऊया.’ वर्गासाठी घेतलेल्या वस्तू ही शाळेला दिलेली देणगी असते, शिक्षिकेची वैयक्तिक भेट नव्हे, त्यामुळे ही मर्यादा तिला लागत नाही. शाळेची स्वतःची काही पद्धत असेल ती ऑफिस सांगेल. आणि या वस्तूंची गरज खरी आहे. जानेवारीत टिश्यूचे डबे संपतात आणि शिक्षिका स्वतःच्या पैशांनी आणतात. अमेरिकेच्या केंद्रीय आयकरात त्यासाठी वजावटही आहे, २००२ साली २५० डॉलरची सुरू झाली, २०२२ साली ३०० झाली. त्या वजावटीच्या व्याख्येत शिक्षकांप्रमाणेच वर्षाला निदान ९०० तास काम करणारे ‘एड’, म्हणजे मदतनीस, हेही धरले आहेत. आयकरवाल्यांना मिस एम. दिसल्या, बघा.

इतर राज्यांतल्या वाचकांनी हे आकडे उचलू नयेत. प्रत्येक राज्याचा, कधी प्रत्येक स्कूल डिस्ट्रिक्टचा (शाळांचा कारभार बघणाऱ्या स्थानिक मंडळाचा) नियम वेगळा. अलाबामात २०११ साली तर शिक्षकांना ख्रिसमसचं हॅम घेता येईल का यावर तिथल्या एथिक्स कमिशनला मत द्यावं लागलं, आणि ते ‘नाही’ असं होतं. डिस्ट्रिक्टच्या साइटवर गिफ्ट पॉलिसी शोधायला पाच मिनिटं लागतात. खाजगी डे-केअर किंवा माँटेसरीत मूल असेल तर सरकारी नियम लागू नाहीत, तिथे ऑफिसला विचारलं की झालं.

आता सासूबाईंचा करंडा. त्यांना माझा नमस्कार सांगा, कारण या पत्रातल्या सगळ्या माणसांत मिस एम.कडे सर्वात आधी त्यांचंच लक्ष गेलं. शाळेत न जाता, इंग्रजी न येता. पण करंडा नको. चांदीचे आजचे भाव पाहता तो पन्नासच्या आत बसणं कठीण, आणि मग मिस एम.ना तो परत करावा लागेल. परत करताना त्यांना किती अवघड होईल, आणि सासूबाईंना ‘घेतला नाही’ हे कळल्यावर काय वाटेल, दोन्ही विचार करा. शिवाय कुंकू न लावणाऱ्या बाईने करंड्यात काय ठेवायचं? तसंच गणपतीची मूर्ती देऊ नका. आपण मोठ्या प्रेमाने देतो, समोरची व्यक्ती ‘ब्यूटिफुल!’ म्हणते आणि पुढची वीस वर्षं ती मूर्ती कुठे ठेवायची, टाकायची तर कशी, या काळजीत घालवते. माझ्या वर्गशिक्षिका दर वर्षी आलेला गणपती गुपचूप मला आणून द्यायच्या. माझ्या घरी तसे पाच झाले.

सासूबाईंना काही तरी आपल्याकडचं द्यायचंच असेल तर खणाच्या कापडाची छोटी पाऊच द्या. शंभर-दोनशे रुपयांची असते, चश्म्याला किंवा चार्जरला उपयोगी पडते, आणि ‘हे माझ्या सासूबाईंच्या गावाकडून आलं’ एवढं सांगता येतं. शिवाय त्या पाऊचमधूनच कार्ड देता येईल, वेगळं रॅपिंग नको.

घरचं खाणं? मोह आवरा. शेंगदाणे आणि काजू-बदाम शाळेत का चालत नाहीत हे तुम्हाला ऑगस्टमध्येच कळलं असेल. पण तीळही आता त्याच पंगतीत आहेत. १ जानेवारी २०२३ पासून ते अमेरिकेतल्या प्रमुख अ‍ॅलर्जनच्या यादीत नववे आले. म्हणजे चकली गेली, शंकरपाळ्याला लावलेले तीळ गेले, संक्रांतीचे लाडू तर गेलेच. डब्यावर घटक छापलेले नसले की शिक्षिका ते खात नाहीत, टीचर्स रूममध्ये ठेवतात, तिथेही कुणी हात लावत नाही आणि शुक्रवारी कस्टोडियन, म्हणजे साफसफाई बघणारा माणूस, ते कचऱ्यात टाकतो. दुसऱ्या एका वर्गातल्या आईने केलेल्या सुरेख नारळाच्या वड्या अशा जाताना मी पाहिल्या आणि घटकांची चौकशी न करता दोन उचलून खाल्ल्या. नियमाविरुद्ध होतं, पण वड्या उत्तम होत्या.

मग द्यायचं काय? गिफ्ट कार्ड. रटाळ उत्तर आहे, मान्य. पण सुगंधी मेणबत्त्या, हँड क्रीम आणि ‘बेस्ट टीचर’ लिहिलेले मग यांचं पुढे काय होतं ते मी पाहिलं आहे. माझ्याकडे अकरा मग होते, आम्ही घरात तीन माणसं. दहा डॉलरचं कॉफीचं किंवा ग्रोसरीचं कार्ड मात्र त्याच आठवड्यात संपायचं. तुमच्याकडे डंकिनचं कार्ड कुणालाही चालतं. त्यांचं पहिलं दुकान १९५० साली क्विन्सीतच उघडलं, तिथल्या लोकांच्या अंगातच आहे ती कॉफी. सगळीकडे चालेल म्हणून व्हिसाचं प्रीपेड कार्ड घ्यायला जाल तर त्यावर विकत घेताना वेगळी फी पडते. दहाच्या कार्डाला ती परवडत नाही. आणि संपायच्या तारखेची चिंता नको, मॅसॅच्युसेट्समध्ये गिफ्ट कार्ड निदान सात वर्षं चालावंच लागतं.

किती? इथे मी स्पष्ट बोलते, कारण तुम्ही एका पगारात घर चालवताय आणि पत्रात तो उल्लेख तुम्ही कंसात केलाय. सगळे मिळून चाळीस डॉलर ठरवा, त्याच्या वर जाऊ नका. मुलाला विचारा, शाळेत तुला कोण कोण मदत करतं? तो ज्यांची नावं घेईल ती यादी. शिक्षिका आणि मिस एम. असतीलच. त्याला वर्गाबाहेर नेऊन इंग्रजी शिकवणाऱ्या ईएल टीचर बहुधा असतील. बसचे काका असतील. तुमच्या मते महत्त्वाच्या असलेल्या कुणाचं नाव तो घेणार नाही आणि लंचच्या वेळी दुधाचा खोका उघडून देणाऱ्या कुणाचं तरी घेईल. त्याचं ऐका. दहा, दहा, दहा, पाच, पाच. वर्गाच्या भेटीत तुम्ही सात-आठ डॉलर घातलेत तर शिक्षिकेचे दहा त्यातच धरा आणि त्यांना वेगळं फक्त चित्र द्या.

हो, मिस एम.ना शिक्षिकेइतकंच. तुम्ही विचारलंत ना, टीचरना राग येईल का. माझा अनुभव उलटा आहे. सुट्टी लागायच्या दिवशी माझ्या वर्गशिक्षिकेच्या टेबलावर वीस-बावीस पिशव्या आणि माझ्या खुर्चीवर दोन. दिवसभर त्या माझ्याकडे बघायच्याच नाहीत. एकदा त्यांनी पार्किंगमध्ये माझ्या गाडीची डिकी उघडायला लावली आणि अर्ध्या मेणबत्त्या आत ठेवल्या, ‘प्लीज, घेऊन जा’ म्हणाल्या. आम्ही दोघी एकाच वर्गात, एकाच मुलांमागे, सकाळी आठपासून उभ्या. बऱ्याच गावांत पॅराचा पगार शिक्षिकेच्या निम्म्याहूनही कमी असतो, आणि हे शिक्षिकांनाच सगळ्यात जास्त ठाऊक असतं. तुमच्या राज्यात सरकारी कर्मचाऱ्यांना संप करायला कायद्याने बंदी आहे. तरी नोव्हेंबर २०२३ मध्ये अँडोव्हरला, जानेवारी २०२४ मध्ये न्यूटनला शिक्षक संपावर गेले. न्यूटनच्या शाळा तर अकरा दिवस बंद राहिल्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये बेव्हर्ली, ग्लॉस्टर आणि मार्बलहेड. या सगळ्या ठिकाणी पॅरांचा पगार ही एक मुख्य मागणी होती. म्हणजे कोर्टाचा दंड ओढवून घेऊन शिक्षिका ज्यांच्यासाठी थंडीत उभ्या राहिल्या, त्यांना दहा डॉलरचं कार्ड मिळालं म्हणून त्या रागावतील असं मला वाटत नाही.

ख्रिसमस आपला नाही, हा तुमचा पहिला प्रश्न. खरं सांगायचं तर तो तुमच्या शिक्षिकेचाही असेलच असं नाही. बॉस्टनच्या आसपास ज्यू कुटुंबं पुष्कळ आहेत, आणि आडनावावरून काही कळत नाही. कार्डावर ‘मेरी ख्रिसमस’ऐवजी ‘सुट्टी छान जावो’ लिहिलंत की प्रश्न मिटला. आणि तुमच्या राज्याचा इतिहास वाचलात तर संकोच आणखी कमी होईल. १६५९ साली तिथल्या प्युरिटन मंडळींनी ख्रिसमस साजरा करणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठेवला होता. तो १६८१ मध्ये उठला आणि राज्याने ख्रिसमसची सुट्टी मान्य केली ती १८५६ मध्ये. तिथलाच हा सण तिथल्याच लोकांना आपला वाटायला दोनशे वर्षं लागली, तुम्ही चार महिन्यांत बुजलात तर काय बिघडलं. मात्र डिसेंबरातच द्यायला हवं असंही नाही. तुम्हाला ते मनापासून नको वाटत असेल तर संक्रांतीला द्या. आपल्या शाळेत तिळगूळ वाटताना हेडबाईंना आणि शिपाईमामांना एकाच डब्यातून, एकसारखाच जायचा, ही त्या सणाची मला आवडणारी गोष्ट. तीळ वगळावे लागले तरी ‘गोड बोला’ उरतंच. किंवा मेच्या पहिल्या पूर्ण आठवड्यात तिकडे शिक्षकांचे आभार मानायचा आठवडा असतो, तेव्हा द्या. उशीर झाला असं कुणी म्हणत नाही. डिसेंबरात पिशव्यांच्या ढिगात हरवण्यापेक्षा जानेवारीच्या एखाद्या करड्या मंगळवारी आलेलं पाकीट मला जास्त लक्षात राहिलंय.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, ज्याच्यासाठी तुम्ही खरं तर पत्र लिहिलंत. उपकारांची परतफेड. आपल्याकडे सत्काराच्या भाषणात ‘आम्हाला तुमच्या ऋणातच राहायला आवडेल’ असं म्हणतात आणि पुढच्याच मिनिटाला शाल-श्रीफळ देऊन ते फेडूनही टाकतात. तुम्हाला तशीच घाई झाली आहे का? मिस एम.नी चार शब्द शिकून घेतले ते उपकार म्हणून नाही. आपल्या वर्गातलं मूल तहानलेलं आहे की घाबरलेलं, हे कळल्याशिवाय त्यांना आपलं काम करता येत नव्हतं. म्हणजे त्या कामात फार चांगल्या आहेत. त्याला परतफेड लागत नाही, पण ते कुणीतरी पाहिलं होतं हे त्यांना कळायला हवं, आणि त्यांच्या वरच्यांनाही.

म्हणून पत्र लिहा. दहा-बारा ओळी, इंग्रजीत, तुमच्या इंग्रजीत. दुरुस्त करून घेऊ नका. ‘यू आर अमेझिंग’ हे वाक्य टाळा, तसली कार्डं छापील मिळतात. काय घडलं ते लिहा. सप्टेंबरमध्ये मुलगा शाळेत बोलत नव्हता. तुम्ही मला गेटवर थांबवून ‘दुखतंय’ला काय म्हणतात ते विचारलंत आणि तीनदा म्हणून पाहिलंत. अमुक तारखेला त्याने घरी येऊन पहिल्यांदा शाळेतली गोष्ट सांगितली आणि ती तुमच्याबद्दल होती. माझ्या सासूबाईंना इंग्रजी येत नाही, पण त्यांना तुमचं काम कळलं. एवढंच. करंड्याची गोष्टही लिहायला हरकत नाही; त्या हसतील आणि डोळेही पुसतील.

आणि या पत्राची एक प्रत प्रिन्सिपलना पाठवा, खाली एक ओळ टाकून: हे त्यांच्या फाइलला लावावं ही विनंती. हे करायला तुम्ही संकोचाल हे मला माहीत आहे, म्हणून कारण सांगते. तुमच्या राज्यात १९८० पासून ‘प्रॉपोझिशन अडीच’ नावाचा नियम आहे. गावाला घरपट्टीतून मिळणारी एकूण रक्कम, नवी बांधकामं सोडली तर, वर्षाला अडीच टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. वाढवायची तर गावाचं मतदान घ्यावं लागतं. शाळेचा खर्च त्याहून वेगाने वाढतो. मग वसंत ऋतूत बजेटच्या सभा सुरू होतात, ‘रिडक्शन’ हा शब्द कानावर येतो, आणि कात्री लागण्यात पॅरांच्या जागा पुढे असतात. त्या सभेत आकडे असतात, माणसं नसतात. प्रिन्सिपलला ‘ही व्यक्ती मला हवी’ म्हणायचं असेल तर हातात कागद लागतो. माझी स्वतःची जागा एका वर्षी राहिली ती अशा दोन पत्रांमुळे, असं मला नंतर सांगण्यात आलं. त्यातलं एक ब्राझीलहून आलेल्या आईचं होतं, व्याकरणाच्या चुकांनी भरलेलं. तुम्हाला तिथे मताचा हक्क नाही, पण स्कूल कमिटीला (गावच्या शाळांचा कारभार बघणाऱ्या समितीला) पत्र पाठवायला तो लागत नाही. मार्चमध्ये हेच पत्र थोडं बदलून त्यांनाही पाठवता येईल.

एक सावधगिरी. वर्गाच्या सामायिक ईमेलवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर ‘माझ्या मुलासाठी मिस एम.नी इतकं केलं’ असं सविस्तर लिहू नका. वर्गात कुणाला कसली मदत मिळते हे त्यांना कुणाजवळ बोलता येत नाही. तुमचं मूल तुमचं, त्याच्याबद्दल लिहायचा हक्क तुमचा. पण लगेच दुसरी आई विचारते, ‘मग त्या माझ्या मुलाबरोबर का नसतात?’, आणि उत्तर द्यायची पाळी मिस एम.वर येते.

पाकीट देताना मुलाला बरोबर घ्या, चित्र त्यालाच काढू द्या, आणि त्या उघडेपर्यंत थांबू नका. बर्फाच्या बुटांच्या त्या रांगेत कुणाला भावुक व्हायला वेळ नसतो.

उद्या सकाळी ऑफिसात फोन करा. आठ ते साडेआठ टाळा, तेव्हा गैरहजर मुलांचे फोन असतात. म्हणा, किंडरगार्टनच्या अमुक वर्गातल्या पॅरांना पत्र लिहायचंय, त्यांचं पूर्ण नाव आणि स्पेलिंग द्याल का? डिरेक्टरीत असतंच ते, लगेच सांगतील. मुलाला ते नाव म्हणून दाखवायला सांगा. तो बहुधा तुमच्याआधी शिकलेला असेल.